जुन्या लॅपटॉपला रॅम घेताना: बसली म्हणजे चालली असं नसतं

मागे मामेभावाचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ब्राउझरमध्ये पाचसहा टॅब उघडले की माऊससुद्धा अडखळायचा. मी म्हटलं त्यात काय एवढं, ४ ची अजून एक स्टिक टाकू, माझ्या ड्रॉवरमध्ये एका मेलेल्या लॅपटॉपातून काढलेली पडलीच होती. डीडीआर३ (डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी), १६०० स्पीडवाली, दिसायला डिट्टो तशीच. मागचं झाकण उघडलं, स्टिक टक्क करून बसली, झाकण लावलं, पॉवर दाबलं. लाइट लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीठिक्कर. परत काढली, परत बसवली, खोडरबराने पिना घासल्या, स्लॉट बदलून पाहिला, सगळं करून झालं, दीड तास गेला. शेवटी वैतागून दोन्ही स्टिक शेजारी शेजारी ठेवल्या आणि लेबलं वाचली तेव्हा कळलं की फरक फक्त एका अक्षराचा आहे. त्याच्यावर पीसी३एल होतं, माझ्यावर नुसतंच पीसी३.

तर आधी त्या एल बद्दलच बोलू, कारण जुन्या लॅपटॉपवाल्यांना सगळ्यात जास्त हाच फसवतो. साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर, डीडीआर३एल चालते १.३५ व्होल्टवर. दोन्हींना २०४ पिन, दोन्हींची खाच अगदी एकाच जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, कोणी अडवत नाही. एल वाली स्टिक १.५ व्होल्टवर पण चालेल अशीच बनवलेली असते, म्हणून ती जुन्या लॅपटॉपात टाकली तरी सहसा गुमान चालते. उलटं मात्र नाही. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपासूनचे लॅपटॉप स्लॉटला १.३५ च देतात, त्यात १.५ वाली टाकली की तिला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि मशीन बहुतेक वेळा चालूच होत नाही. म्हणून माझं साधं मत असं की लॅपटॉप डीडीआर३ चा आहे एवढं नक्की कळलं की डोळे झाकून एल वालीच घ्या, मग तो दुसऱ्या जनरेशनचा असो नाहीतर पाचव्या. पुढेमागे ती दुसऱ्या मशीनला पण कामी येते. साधी डीडीआर३ घेण्यात काही म्हणजे काही फायदा नाहीये, आतली जुनी १.५ वाली ठेवून तिला जोडी घेत असाल तेवढं सोडून.

आता सुरुवातीपासून.

आधी आत काय आहे ते बघा, आणि मुळात जागा आहे का ते पण

विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, डावीकडे मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली बारीक अक्षरात स्पीड, किती स्लॉट वापरलेत आणि फॉर्म फॅक्टर दिसतो. फॉर्म फॅक्टरला सोडिम लिहिलेलं असेल तर छान, म्हणजे काढघाल करता येणारी स्टिक आहे. तिथे रो ऑफ चिप्स असं लिहिलेलं दिसलं तर ती मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती काही निघायची नाही. काही लॅपटॉपात अर्धी सोल्डर केलेली आणि सोबत एक रिकामा स्लॉट असं पण असतं, तेव्हा काही वेळा तो सोल्डरवाला भागसुद्धा स्लॉट म्हणून मोजला जातो, म्हणून दोनपैकी एक वापरलाय असं दिसलं तरी लगेच खुश होऊ नका, एकदा झाकण उघडून डोळ्यांनी बघाच. आणि नावात एलपीडीडीआर असेल, म्हणजे एलपीडीडीआर३, एलपीडीडीआर४ वगैरे, तर जुन्या लॅपटॉपात ती सोल्डरच केलेली असते, विषय संपला, पैसे वाचले समजा.

मॅकबुकवाल्यांसाठी थोडक्यात: रेटिना डिस्प्लेवाल्या मॅकबुक प्रोमध्ये आणि मॅकबुक एअरमध्ये रॅम बदलता येत नाही. २०१२ चा बिगर-रेटिना मॅकबुक प्रो हा शेवटचा, त्यात दोन स्लॉट आहेत, डीडीआर३ १६०० लागते, आणि कंपनीने ८ जीबी सांगितलंय तरी १६ व्यवस्थित चालते.

अजून डिटेलमध्ये बघायचं असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून बघता येतो. एसपीडी म्हणजे प्रत्येक स्टिकवर एक इवलीशी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते, साइज, स्पीड, व्होल्टेज, कोणी बनवली, कुठल्या आठवड्यात बनवली. लॅपटॉप चालू होताना तीच कुंडली वाचून ठरवतो की हिला कसं चालवायचं. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड चालवा, मेमरीचा टाइप दिला की सगळं येतं. फक्त तिथे जास्तीत जास्त किती रॅम चालेल असा जो आकडा दाखवतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, तो बायोस (लॅपटॉप चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्याने काय भरून ठेवलंय त्यावर असतो आणि बऱ्याचदा चुकीचा असतो.

आणि हो, रॅम खरंच कमी पडतेय का हे पण त्याच टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या. रोजचं काम जसं करता तसं सगळं उघडा आणि मग मेमरीचा आकडा बघा. ८५-९० टक्क्यांच्या वर सतत अडकलेला असेल तर रॅम टाकून फरक पडेल. पण मेमरी ५० टक्क्यांवर आरामात बसलीये आणि डिस्क मात्र १०० टक्के दाखवतेय, तर बाबांनो तुमचा प्रॉब्लेम फिरणारी हार्डडिस्क आहे, तिथे एसएसडी टाका. ४ ची ८ जीबी केली की जाणवतं, ८ ची १६ केली की साध्या कामाला कित्येकांना काहीच जाणवत नाही, आणि हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली की प्रत्येकाला जाणवतं. हे मी रॅमवर लिहायला बसलोय तरी सांगतोय.

कुठली डीडीआर

लॅपटॉपची स्टिक छोटी असते, सहासात सेंटिमीटर, डेस्कटॉपची त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब, त्यामुळे ती चूक सहसा होत नाही. (ऑनलाइन मागवताना होते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, वर्णनात सोडिम किंवा लॅपटॉप लिहिलंय का ते वाचा.) डीडीआर२ ला २०० पिन आणि १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला २०४ आणि १.५, डीडीआर४ ला २६० आणि १.२, डीडीआर५ ला २६२ आणि १.१. प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसतच नाही, आणि बसत नसेल तर जोर लावू नका, जोर लावून बसलेली रॅम मी बघितलीये, नंतर स्लॉटच बदलावा लागला.

साधारण हिशेब असा की कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये डीडीआर२, इंटेल पहिल्या ते तिसऱ्या जनरेशनला डीडीआर३, चौथ्या पाचव्याला डीडीआर३एल, आणि सातव्या आठव्यापासून बहुतेक डीडीआर४. सहाव्या जनरेशनला मात्र सांभाळून. ते २०१५ मध्ये आलं आणि तेव्हा डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही चालायच्या, लॅपटॉप कंपनीने जी स्वस्त पडली ती लावली. त्यामुळे सहावी जनरेशन आहे म्हणजे डीडीआर४ च असेल असं धरून ऑर्डर मारू नका. बाराव्याला पुन्हा तसंच झालं, डीडीआर४ वाले पण आहेत डीडीआर५ वाले पण. एएमडीमध्ये रायझनवाले लॅपटॉप डीडीआर४ पासून सुरू होतात, त्याच्या आधीचे ए सिरीजवाले बहुतेक डीडीआर३एल.

प्रोसेसरच्या नावावरून अंदाज बांधायचा, पण शेवटचा शब्द आतल्या जुन्या स्टिकच्या लेबलचा. कारण ती स्टिक त्या मशीनमध्ये चालतेय हे तर सिद्धच झालंय ना. म्हणून काही घ्यायच्या आधी झाकण उघडून लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझ्या फोनमध्ये मुलांचे फोटो कमी आणि रॅमचे जास्त आहेत असं घरी बोललं जातं.

लेबल कसं वाचायचं

समजा लेबलवर असं लिहिलंय: ४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस-११. ४जीबी कळलंच. पीसी३ म्हणजे डीडीआर३, त्याच्यापुढचा एल म्हणजे १.३५ व्होल्टवाली. १२८०० हा बँडविड्थचा आकडा, सेकंदाला १२८०० मेगाबाइट, त्याला ८ ने भागा, १६०० आले, तोच तो १६०० मेगाहर्ट्झ म्हणतात तो स्पीड. तसंच १०६०० असेल तर १३३३, ८५०० असेल तर १०६६. डीडीआर२ मध्ये ५३०० म्हणजे ६६७ आणि ६४०० म्हणजे ८००. डीडीआर४ मध्ये १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६, २५६०० म्हणजे ३२००, आणि बऱ्याच डीडीआर४ लेबलवर हे भागाकाराचं झंझटच नाही, सरळ पीसी४-२४००टी असं लिहिलेलं असतं. आकड्यामागचा एस म्हणजे सोडिम, लॅपटॉपची. शेवटचा ११ म्हणजे लेटन्सी, उत्तर द्यायला लागणारा उशीर, त्याचं टेन्शन लॅपटॉपात घ्यायचं नाही.

राहिलं १आरएक्स८. ह्याकडे कोणी बघत नाही आणि जुन्या मशीनमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. आर म्हणजे रँक, एकदम काम करणाऱ्या चिपांचा गट, आधीचा आकडा म्हणजे असे गट किती, आणि पुढचा ८ म्हणजे एकेक चिप किती बिटची रुंद आहे ते. १आरएक्स८ मध्ये साधारण आठ चिपा असतात, २आरएक्स८ मध्ये सोळा, दोन्ही बाजूंनी आठ आठ. म्हणजे ४ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते, सोळा छोट्या चिपा लावून नाहीतर आठ मोठ्या चिपा लावून. पहिल्यात प्रत्येक चिप २ गिगाबिटची, दुसऱ्यात ४ गिगाबिटची. आता प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर जर जुना असेल, तर त्याला ४ गिगाबिटची चिप ओळखताच येत नाही, मग एकतर स्टिक अर्धीच दिसते नाहीतर मशीन चालूच होत नाही. इंटेलची पहिली जनरेशन आणि त्याच्या आधीचे कोअर २ ड्युओवाले डीडीआर३ लॅपटॉप ह्यात मोडतात. त्यांना ४ जीबीची २आरएक्स८ वालीच लागते, सोळा चिपांची. विकणाऱ्याला "२आरएक्स८ आहे का" असं विचारलं तर बहुतेक वेळा तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, तेव्हा सरळ स्टिकचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा आणि चिपा मोजा.

हाच प्रकार पुढच्या पायरीवर परत होतो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जनरेशनला ८ जीबीची स्टिक चालते, सोळा चिपांवाली. पण डीडीआर३एल मध्ये १६ जीबीची एकच स्टिक पण मिळते, तिच्यात ८ गिगाबिटच्या चिपा असतात, आणि त्या इंटेलच्या पाचव्या जनरेशनपासूनच ओळखल्या जातात. चौथ्यात ती टाकली तर काळी स्क्रीन. म्हणजे चौथ्या जनरेशनचा लॅपटॉप आणि दोन स्लॉट असतील तर ८ अधिक ८, १६ जीबी झाली की तुमची हद्द संपली, ३२ चं स्वप्न बघू नका.

सॅमसंगची स्टिक असेल तर अजून एक खूण सांगतो, डीडीआर३ मध्ये पार्ट नंबरच्या शेवटी इंग्रजीत सीके० असेल तर ती १.५ व्होल्टची, वायके० असेल तर १.३५ ची. लेबल अर्धं फाटलेलं असतं तेव्हा ही खूण फार कामाला येते.

जास्तीत जास्त किती

तीन ठिकाणी तीन आकडे मिळतील आणि तिन्ही वेगळे असतील, घाबरू नका. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा कमी लिहिलेलं असतं, कारण मॅन्युअल लिहिलं तेव्हा मोठ्या स्टिक बाजारात नव्हत्या किंवा त्यांनी टेस्ट केल्या नव्हत्या. इंटेलच्या साइटवर त्या प्रोसेसरचं पान असतं, तिथला मॅक्स मेमरी साइजचा आकडा जास्त खरा. उदाहरणार्थ आय५-२५२०एम, इंटेल म्हणतं १६ जीबी, आणि हा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपच्या मॅन्युअलात ८ लिहिलेलं असलं तरी १६ चालल्याचं मी स्वतः बघितलंय. पण प्रोसेसरने १६ म्हटलं आणि मशीनला स्लॉटच एक आहे, तर तुमची मर्यादा ८ वरच येते, हे पण लक्षात ठेवा.

उलट्या बाजूने, काही मर्यादा खरोखरच दगडावरची रेघ असतात. ॲटम एन४५० वाले छोटे नेटबुक २ जीबीच्या वर जात नाहीत, म्हणजे नाहीतच. इंटेल ९४५ चिपसेटवाले जुने लॅपटॉप दोन स्लॉटमध्ये २ अधिक २ टाकून घेतात, बायोसमध्ये ४ दाखवतात पण वापरायला मिळतात सव्वातीनच्या आसपास, कारण वरचा पत्त्यांचा भाग ग्राफिक्स आणि बाकीच्या हार्डवेअरला दिलेला असतो आणि तो चिपसेट ती मेमरी दुसरीकडे सरकवू शकत नाही. तिथे ६४ बिट विंडोज टाकून पण उपयोग नाही.

विंडोजचं पण बघा. ३२ बिट विंडोज असेल तर ८ जीबी टाका नाहीतर १६, ते ४ च्या आतच खेळणार. आधी सिस्टीमच्या माहितीत ६४ बिट आहे का ते तपासा, नसेल तर रॅमच्या खर्चाबरोबर विंडोज परत टाकायचा वेळ पण धरा. विंडोज ७ अजून कोणी चालवत असेल तर होम बेसिक ६४ बिटला ८ जीबीची आणि होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा होती.

स्पीड, आणि दोन वेगळ्या स्टिक

स्पीडचं लोक उगाच डोक्याला लावून घेतात. जास्त स्पीडची स्टिक कमी स्पीडच्या मशीनमध्ये टाकली की ती खाली उतरून चालते, बस. दुसऱ्या जनरेशनच्या ड्युअल कोअर प्रोसेसरची हद्द १३३३ आहे, त्यात १६०० वाली एल टाकली की ती १३३३ वर चालेल. दोन वेगळ्या स्पीडच्या टाकल्या की दोघी हळूवालीच्या चालीने चालतात. फक्त गेमिंगवाल्या झगमगीत स्टिक जुन्या लॅपटॉपला घेऊ नका, त्यांचा डब्यावरचा मोठा आकडा एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलवर असतो, साध्या लॅपटॉपचा बायोस ते प्रोफाइल वाचत नाही आणि स्टिक आपल्या मूळच्या साध्या स्पीडवरच येते, म्हणजे जास्तीचे पैसे गेले कुठे ते विचारू नका.

दोन कंपन्यांच्या स्टिक मिसळल्या तर चालतं का? बहुतेक वेळा चालतं. मी स्वतः हायनिक्स आणि सॅमसंग जोडीने वर्षानुवर्षं चालवलीये. कधीतरी एखादं मशीन नखरे करतं, एकेकटी चालते पण दोघी मिळून नाही, तेव्हा स्लॉट अदलाबदल करून बघायचं, नाहीच जमलं तर एकाच मेकची जोडी घ्यायची. व्होल्टेज मात्र मिसळायचं नाही, एक १.५ आणि एक १.३५ असा खेळ नको, जुन्या मशीनमध्ये तो चालतोसुद्धा पण कधी लटकेल सांगता येत नाही.

एक १६ ची घ्यावी का दोन ८ च्या, हा प्रश्न येतोच. दोन सारख्या स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो. नुसतं टायपिंग आणि ब्राउझिंग करणाऱ्याला ह्याचा फार फरक दिसत नाही, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅममधून जेवतं, त्यामुळे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला दोन स्टिक बऱ्या. ४ आधीची आणि ८ नवीन असं १२ केलं तरी इंटेलवाल्यात पहिल्या ४ अधिक ४ चं ड्युअल चॅनल होतं आणि उरलेले ४ एकट्याने चालतात, वाया काही जात नाही. म्हणून जुनी ४ ची चांगली स्टिक काढून फेकायची गरज नाही, सोल्डरवाली ४ असेल तर तशी पण ती निघत नाहीच.

घेताना

किंग्स्टनसारख्या कंपन्यांच्या साइटवर लॅपटॉपचं मॉडेल टाकलं की कुठली स्टिक चालेल ते दाखवतात, ते वापरा, फुकट आहे आणि बरंचसं बरोबर असतं. मॉडेल नंबर मात्र पूर्ण घाला, खालच्या स्टिकरवरचा, कारण एकाच नावाखाली कंपन्या चार वेगळे बोर्ड विकतात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल पण मिळतं, त्यात झाकण कसं उघडायचं ह्याची चित्रं असतात, तेवढ्यासाठी तरी डाउनलोड करा.

डीडीआर२ आणि डीडीआर३ आता नवी कमी आणि वापरलेली जास्त मिळते, आणि वापरलेली घ्यायला काही हरकत नाही, रॅम तशी लवकर खराब होत नाही. फक्त परत घेणार का ते आधी विचारून घ्या आणि आल्या आल्या सीपीयू-झेडमध्ये तपासा. मला एकदा १६०० चं कोरं करकरीत स्टिकर लावलेली स्टिक आली होती, एसपीडीमध्ये बघितलं तर आत १३३३. स्टिकर नखाने उचकटलं तर खाली जुनं स्टिकर. लेबल वाचायला शिकलात तरी लेबल खोटं असू शकतं, चिपच्या आतली कुंडली बघाच. सर्व्हरच्या ईसीसी (स्वतःच्या चुका स्वतः सुधारणाऱ्या) स्टिक पण लॅपटॉपच्या साइजमध्ये येतात आणि स्वस्तात दिसतात, एकेका बाजूला आठऐवजी नऊ चिपा दिसल्या तर तीच, साध्या लॅपटॉपला नको.

बसवताना

बायोस अपडेट असेल तर जुन्या रॅमवर असतानाच करून घ्या. मग लॅपटॉप नीट शट डाउन करा, स्लीप नाही, शिफ्ट दाबून शट डाउन केलं की पूर्ण बंद होतो. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आतली बॅटरी असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा, काही बिझनेस लॅपटॉपात बायोसमधूनच आतली बॅटरी बंद करायची सोय असते. मग पॉवर बटण दहा पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून घ्या, नायलॉनच्या गालिच्यावर बसून हे काम करू नका.

स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेरच्या बाजूला सरकवल्या की जुनी स्टिक स्वतःच उसळून तिरकी होते, मग कडेला धरून ओढायची. नवी घालताना आधी खाच जुळवा, साधारण ३० अंशात तिरकी धरून आत ढकला, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत, आणि मगच खाली दाबा, दोन्ही क्लिपा टक्क वाजल्या पाहिजेत. सगळ्यात कॉमन चूक इथेच होते, लोक पूर्ण आत न ढकलताच खाली दाबतात, क्लिप लागते पण पिना अर्ध्या बाहेर, आणि मग स्टिक खराब निघाली म्हणून बोंबलतात. काही मॉडेलमध्ये एक स्लॉट मागच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डच्या खाली असतो, तेव्हा मागून एकच दिसला म्हणून एकच आहे असं समजू नका.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, कधी मशीन स्वतःच एकदा बंद होऊन परत चालू होतं, ते नव्या रॅमशी ओळख करून घेत असतं, दोनेक मिनिटं थांबा. काही मशीन मेमरी बदललीये असा मेसेज देतात, पुढे चला म्हणायचं. नाहीच आलं तर बंद करून नवी एकटीच टाकून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बघा, मग जुनी एकटी बघा. जुनी एकटी चालतेय आणि नवी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाहीये तर लेबल पुन्हा वाचा, एल आहे का, चिपा किती आहेत. नवी एकटी चालतेय पण जोडीने नाही तर मिसळण्याचा प्रॉब्लेम. पिना मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर मी पण वापरतो, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही.

विंडोज आलं आणि रॅम पूर्ण दिसत नाहीये, म्हणजे ८ टाकली आणि वापरण्याजोगी निम्मीच, तर ६४ बिट आहे का ते बघा, मग सिस्टीम कॉन्फिगरेशनच्या बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये मॅक्सिमम मेमरीला टिक लागलेली आहे का बघा, कोणीतरी कधीतरी स्पीड वाढवायचा म्हणून ती लावून ठेवलेली असते. शेपाचशे एमबी कमी दिसली तर ती ग्राफिक्सने घेतलीये, ते नॉर्मल आहे. छोटी एसएसडी असेल तर अजून एक गोष्ट होते, रॅम वाढली की हायबरनेशनची फाइल पण फुगते, सी ड्राइव्हमधले दोन तीन जीबी गायब झाले म्हणून घाबरू नका.

सगळं नीट दिसलं तरी त्या रात्री मेमटेस्ट८६+ नावाचं रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्याच्यावरून चालू करा आणि चार्जर लावून झोपा. एक फेरी व्हायला जुन्या मशीनला काही तास लागतात, शक्यतो दोन तीन फेऱ्या होऊ द्या. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तर एकेक स्टिक वेगळी टेस्ट करा आणि जी एरर देतेय ती परत करा. "एकच तर एरर आहे" म्हणून ठेवून घेऊ नका, ती एक चुकलेली बिट आज ब्राउझरमध्ये पडेल, कळणार पण नाही, आणि उद्या तुम्ही फोटो कॉपी करताना बरोब्बर त्यांच्या मधोमध पडेल.